पंखावरची तीन नावं

येत्या 30 डिसेंबरला मॅक्सवेल लोपेझची आठवण काढणारं आमच्या दासगावात कुणी असायचं कारण नाही. तो अमेरिकी नौदलातला एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शिडीची अगदी पहिली पायरी. 1946 साली त्या दिवशी अंटार्क्टिकाच्या थर्स्टन बेटावर विमान कोसळून तो गेला आणि आजही तिथेच आहे. तरी मी त्याच्याबद्दल लिहितोय, कारण त्याच्या मागे राहिलेला प्रश्न आमच्या महाड-पोलादपूरच्या ओळखीचा आहे.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेने ॲडमिरल रिचर्ड बर्डच्या नेतृत्वाखाली 13 जहाजं आणि चार हजारांवर माणसं दक्षिणेला धाडली. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन हायजंप’. ‘पाइन आयलंड’ या जहाजावरून पाण्यावर उतरणारी मरिनर विमानं किनाऱ्याचे फोटो काढायला उडत. त्यातल्या ‘जॉर्ज वन’मध्ये नऊ जण होते, खुद्द जहाजाचे कप्तान काल्डवेलही. लोपेझ नॅव्हिगेटर होता. हवा बिघडली. आभाळ पांढरं, खाली बर्फ पांढरा, मधली रेघच नाहीशी. वैमानिकांना कळायच्या आत विमानाचं पोट बर्फाच्या चढाला घासलं. त्यांनी नाक वर घेतलं तोच इंधनाने पेट घेऊन विमान हवेतच फुटलं. लोपेझ आणि रेडिओवाला हेंडरसन जागीच गेले, त्यांचा साथीदार विल्यम्स काही तासांनी.

उरले सहा. मोडक्या सांगाड्यात, मिळेल ते खात त्यांनी तेरा दिवस काढले. तिघांना विमानाच्या पंखाखाली बर्फात पुरलं आणि पंखावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: लोपेझ, हेंडरसन, विल्यम्स, मृत. शोधायला आलेल्या विमानाने वरून आधी हे वाचलं. मला हे लिहिणं विलक्षण वाटतं. थंडीने बोटं बधिर झालेली, आपलीच सुटका होईल की नाही याचा पत्ता नाही. अशात वरून बघणाऱ्याला किती जिवंत आणि किती गेले याचा हिशेब चुकू नये, एवढं भान त्यांना राहिलं. सुटकेच्या विमानाला बर्फावर उतरता येईना, म्हणून जखमींना ओढत या लोकांना मैलोगणती चालून मोकळ्या पाण्यापर्यंत जावं लागलं. वैमानिक लब्लांकचे दोन्ही पाय पुढे कापावे लागले.

तिघे मात्र राहिले. नातेवाइकांनी कित्येक दशकं मागणी लावून धरली, की त्यांना घरी आणा. 2004 साली चिलीच्या नौदलाच्या विमानातून रडारने शोधही घेतला गेला. पण विमानावर तोवर शंभरेक फूट बर्फ साचला होता. तो खोदायला जिवंत माणसं पाठवायची का, इथे सगळं अडलं.

आमच्याकडे हा प्रश्न बर्फाचा नाही, मातीचा आणि पाण्याचा आहे. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे डोंगर खाली आला आणि महाड तालुक्यात दीडशेच्या वर माणसं गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पडला. दोन एसट्या आणि एक टवेरा पुरात गेली. नौदलाचे पाणबुडे गढूळ पाण्यात, मगरींच्या नदीत उतरले. काही देह समुद्रापर्यंत वाहत गेले, अंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले. काही मिळालेच नाहीत. मग जुलै 2021, तळिये गावावर दरड कोसळली. ढिगाऱ्याखाली तीसच्या वर माणसं असताना शोध थांबवला गेला आणि बेपत्तांना मृत मानलं. शोध आता पुरे, असं नातेवाइकांनीच सांगितल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. दिवस उलटून गेल्यावर पोकलेनच्या दातात आपलं माणूस कशा अवस्थेत येईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

देह नसला की कागद अडतो. आपल्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं माणसाची खबर नसेल तर तो मेला असं धरतात. आपत्तीत सरकार एवढं थांबवत नाही, हे बरं. पण दाखला हातात आला तरी घरातला विधी राहतोच, आणि तिथे आमची गावं कायद्यापेक्षा शहाणी आहेत. हिंदू घरात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्यात समोर जनाजा नसतानाही गायबाना नमाज पढता येते. बौद्ध कुटुंब पुण्यानुमोदनाला बसतं. तिघांनाही देह नसताना निरोप देता येतो.

लोपेझसारखी घर सोडून दूर जाणारी माणसं दासगावला नवी नाहीत. कोणी पलटणीत, कोणी बोटीवर. सावित्रीच्या खाडीतून लाँच वर यायची तेव्हा हे बंदर होतं; डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने इथेच उतरले. अंटार्क्टिकाही आपल्याला परकं नाही. पहिली भारतीय मोहीम 6 डिसेंबर 1981 ला गोव्यातून निघाली, त्यात नौदलाची माणसं होती. जानेवारी 1990 मध्ये हम्बोल्ट पर्वतात आपले चार जण तंबूत विषारी वायूने गुदमरले. त्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील? मलाही कुणी विचारलं तर शोधावी लागतील.

लोपेझला काढायला माणसं पाठवू नयेत, असं मला वाटतं. अमेरिकी नौदलाने कुटुंबांना नाही म्हणायचं तर एकदाच, सरळ म्हणावं. आशा लावून ठेवणं जास्त क्रूर. सगळ्यांना हे पटणार नाही. आमच्याच गावातले एक निवृत्त बोटवाले काका आहेत. त्यांना ही हकिकत सांगितली तर ते म्हणाले, “तुझा कोण तिथं नाही, म्हणून तू असं बोलतोस.” यावर मी काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, तो पाय गेलेला वैमानिक पुढे परत बोटीवर गेला का रे?