वाढत्या टाक्यांची भूमिती

रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे शाळेत फळ्यावर लिहून होते आणि पुढचे प्रकरण सुरू होते. जिथे अशा असंख्य रेषा निघतात, त्या हायपरबोलिक प्रतलाशी गाठ पडलीच तर ती पदवीच्या वर्गात, तीही सूत्रांतून. वास्तविक हे प्रतल क्रोशाच्या सुईने विणता येते.

1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना यांनी ते विणले. ताइमिना मूळच्या लाटव्हियाच्या. गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांच्या कल्पनेवरून कागदी पट्ट्या चिकटवून केलेली प्रतिकृती हाताळताना फाटे. दोन सुयांवर विणून पाहावे, तर वाढते टाके सुयांवर मावेनात. क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास असतो, त्यामुळे ती अडचण मिटली.

गोल रुमाल विणणाऱ्यांना यामागचे गणित हाताने ठाऊक असते. मुका खांब हा क्रोशाचा टाका जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद. त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ 2π, म्हणजे सहाहून थोडा अधिक वाढतो. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की रुमाल सपाट बसतो. कमी वाढवले तर टोपी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. शून्य, धन आणि ऋण वक्रता ती हीच!

ताइमिनांचा नियम एका ओळीचा आहे: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचे नाही. 20 टाक्यांपासून सुरुवात करून दर पाचव्या टाक्यात दोन टाके घातले, तर दहा ओळींनंतर सुमारे 124 आणि वीस ओळींनंतर सुमारे 767 टाके होतात. भूमितीश्रेणी इतक्या ठसठशीतपणे क्वचितच हाताला लागते. बोटे दुखू लागतात, लोकर संपत येते आणि कडा चुण्यांनी भरून जाते.

विणलेल्या तुकड्याला घडी घातली की घडीची रेघ ही त्या पृष्ठावरची सरळ रेषा. ती वेगळ्या रंगाच्या धाग्याने शिवावी, मग बाहेरच्या एका बिंदूतून दुसरी, तिसरी, चौथी घडी घालावी. पहिलीला न छेदणाऱ्या रेषा विद्यार्थी स्वतःच मोजतो. तीन घड्यांचा त्रिकोण केला, तर कोनांची बेरीज 180 अंशांहून कमी भरते.

एक खबरदारी मात्र हवी. संपूर्ण हायपरबोलिक प्रतल त्रिमितीय अवकाशात गुळगुळीतपणे बसत नाही, हे हिल्बर्ट यांनी 1901 मध्ये सिद्ध केले. हातातला तुकडा हा त्याचा भागच, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

शिक्षकांनी तयार नमुना आणून टेबलावर ठेवू नये, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. सुई विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी, मुलांच्याही. कार्यानुभवाच्या बाईंना गणिताच्या तासाला बोलवावे, एका गटाला दर तिसऱ्या आणि दुसऱ्याला दर आठव्या टाक्यात वाढ करायला सांगावे, आणि प्रत्येक ओळीचे टाके वहीत नोंदवून त्यांचा आलेख काढून घ्यावा.