मुक्कामाची खोली आणि रात्रीचा पाहुणा

खोली आपण घेतली, पैसे आपण भरले, मग आपल्या भाच्याला रात्री तिथे झोपवायला काउंटरवरच्या माणसाची परवानगी कशाला? लग्नसराईत आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न आम्ही अनेक घरांत ऐकतो. विचारणाऱ्याचा स्वर बहुधा दुखावलेला असतो. आपल्याकडे पाहुण्याचे जेवण झाले की "आता एवढ्या रात्री कुठे जातोस, इथेच पड" हे वाक्य आपोआप तोंडातून निघते. घरात ते म्हणायला कोणाला विचारावे लागत नाही. हॉटेलात मात्र ते विचारूनच म्हणावे लागते, आणि आमच्या मते ते रास्तच आहे.

हॉटेलवाला खोली भाड्याने देतो ती रजिस्टरमध्ये ज्यांची नावे लिहिली त्यांना. दोघांची नावे असतील तर दोघांना. भेटायला येणारा वेगळा आणि मुक्कामाला राहणारा वेगळा, हा फरक बहुतेक ठिकाणी केला जातो. भेटणारा खाली लॉबीत बसतो, काही हॉटेलांत नोंद करून ठरलेल्या वेळेपर्यंत वर जाऊ शकतो. राहणाऱ्याला ओळखपत्र द्यावे लागते आणि जादा माणसाचे पैसे भरावे लागतात. कोणी याला हॉटेलवाल्याची हाव म्हणते. पैशाचा भाग आहेच, तो कशाला नाकारायचा? पण रात्री आग लागली तर तिसऱ्या मजल्यावर किती माणसे झोपली आहेत, हे सांगणारा कागद एकच असतो, आणि तो म्हणजे ते रजिस्टर.

ही पद्धत आजची नाही. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने चीनमधल्या सरायांचे वर्णन केले आहे. अंधार पडला की सरायचा अधिकारी आपला लेखनिक घेऊन येई, रात्री राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून घेई, त्यावर मोहर लावी आणि दार बंद करी. सकाळी पुन्हा येऊन एकेकाला नावाने हाक मारून यादी ताडून पाही. इब्न बतूताला याचा राग आला नाही. प्रवाशासाठी याहून सुरक्षित मुलूख नाही, असेच त्याने नोंदवले. आपल्या देशातही सरायांसाठी १८६७ मध्ये कायदा झाला, सरायची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करण्याची अट त्यात घातलेली होती. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ओळखपत्रांची तपासणी कडक झाली, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे.

आमच्या नात्यातल्या एक खाला मिरजेला उपचारासाठी गेल्या होत्या. दवाखान्याजवळच्या लॉजवर त्या आणि त्यांची मुलगी अशा दोघी उतरल्या. रात्री अकराला त्यांचा पुतण्या डबा घेऊन आला आणि शेवटची एसटी चुकली. मुलगी म्हणाली, मागच्या जिन्याने घेऊ या, कोण बघतंय? खालांनी ऐकले नाही. त्या स्वतः खाली गेल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, "भाऊ, पोरगा अडकलाय, काय करता येईल?" मॅनेजरने आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, रजिस्टरमध्ये नाव चढवले, गादीचे पैसे सांगितले आणि वर एक उशीही पाठवली. जाताना तो बोलला ते आम्हांला महत्त्वाचे वाटते: "मावशी, सांगून राहिलात ते बरं केलंत. न सांगता राहिला असता आणि मालकाला कळलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

मागच्या जिन्याने माणूस वर नेताना हा विचार आपल्या मनात येत नाही. तिथे रात्रपाळीला बसलेला मुलगाही कोणाच्या तरी घरचा कमावता असतो. शिवाय आपली मुले ते सगळे पाहत असतात, आणि शिक्षक म्हणून आम्ही एवढे सांगू शकतो की अशा गोष्टी ती अभ्यासापेक्षा फार लवकर शिकतात.

पण सगळा दोष प्रवाशावर टाकणेही बरोबर नाही. 'त्याच गावच्या ओळखपत्रावर खोली मिळणार नाही' हा नियम अनेक लॉज पाळतात. बहीण नागपूरला दिली आहे, भाऊ नागपूरला येऊन लॉजवर उतरला आहे, आणि बहिणीला एक रात्र आईजवळ राहायचे आहे. कार्डावर नागपूरचा पत्ता दिसताच तिला नाही म्हणतात. इथे आईसमोर मुलीचा अपमान होतो, आणि त्याला सुरक्षिततेचे नाव देता येत नाही. असा नियम असेल तर तो बुकिंगच्या वेळीच सांगायला हवा. आपणही फोनवर सरळ विचारावे: "रात्री आणखी एक नातेवाईक राहणार आहे, तिचे आधार इथलेच आहे, चालेल ना?" नाही म्हणाले तर दुसरे लॉज शोधायला वेळ तरी हातात राहतो.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती आपल्या घरांत जास्त येते. पत्नीच्या आधारवर वडिलांचे नाव असते, आडनाव माहेरचे असते. निकाहनामा उर्दूत. काउंटरवरच्या मुलाला तो वाचता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओयो कंपनीने मेरठपासून सुरुवात करून, जोडप्याकडे नात्याचा पुरावा मागण्याचा आणि अविवाहित जोडप्याला नाकारण्याचा अधिकार हॉटेलांना दिला. असे नियम मनात कोणालाही धरून केलेले असोत, ते दाखवायची पाळी रात्री थकून आलेल्या नवरा-बायकोवरही येते. नवरा मागाहून येणार असेल तर बाईला एकटीने उत्तरे द्यावी लागतात. म्हणून निकाहनामा घरात असला, तरी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे. ते कोणत्याही काउंटरवर वाचता येते. त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्यावा. नवऱ्याच्याच मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांचे वेगळे आहे. कोकणातल्या कितीतरी घरांचे लोक इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाले आहेत. असा पाहुणा हॉटेलात राहिला, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत कळवणे हॉटेलवर बंधनकारक असते. त्याला गुपचूप खोलीत झोपवणे म्हणजे हॉटेलला कायद्याच्या अडचणीत टाकणे. तो आपल्या घरी उतरला, तर हीच माहिती यजमानाने कळवायची असते. लग्नघरातल्या गडबडीत हे हमखास राहून जाते.

आता मक्का-मदिनेच्या हॉटेलांकडे येऊ, कारण तिथे भावना सगळ्यांत जास्त गुंततात. अम्मी उमराहला गेल्या आहेत, मुलगा जेद्दाहला नोकरीला आहे. दोन वर्षांनी भेट होते आहे. तो गुरुवारी रात्री येतो आणि आईच्या पायाशी झोपावे असे त्याला वाटते. त्याला कोण वाईट म्हणेल? पण टूरच्या खोल्या बहुधा चौघी-पाचजणींच्या असतात. त्याच्या अम्मी त्याला महरम, पण बाकीच्या तिघी-चौघी कोण? तहज्जुदला उठून वुजूला जाणाऱ्या त्या बायांनी खोलीतही ओढणी सावरत बसायचे का? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायला सांगितले आहे, आणि कोणी राहत नसलेल्या उपयोगाच्या जागांना सूट दिली आहे. मुफस्सिरांनी त्या जागांत सरायाही मोजल्या आहेत. लॉबी त्या सुटीत बसते. पण जिथे चार बायांनी आपल्या बॅगा उघडल्या आहेत, ती खोली त्यांचे घर झालेली असते.

हजच्या दिवसांत तर हा प्रश्न अदबीच्याही पुढे जातो. २०२५ च्या हजसाठी सौदी सरकारने जाहीर केले होते की १ जिल्कादपासून १४ जिल्हजपर्यंत व्हिजिट व्हिसावरच्या माणसाला मक्केत आसरा देणाऱ्याला १ लाख रियालपर्यंत दंड होईल. त्यात हॉटेले होती, फ्लॅट होते आणि खासगी घरेही होती. आपल्या भावाला एक रात्र बिछाना देणारा हाजी आणि त्याचा टूरवाला, दोघेही त्यात अडकू शकतात.

उमराहला येणाऱ्या अशा मुलांना आम्ही सांगतो, निघण्यापूर्वी टूरवाल्याला फोन करा. त्याच हॉटेलात स्वतःच्या नावावर एक रात्रीची खोली मिळते का पाहा. मिळाली तर अम्मींनाच त्या रात्री आपल्या खोलीत बोलवा, फक्त त्यांचेही नाव काउंटरवर लिहून द्या आणि त्यांच्या सोबतिणींना सांगून ठेवा, नाहीतर फजरला त्या बिचाऱ्या अम्मींना हरममध्ये शोधत फिरतील.