व्रणाची निगा आणि धीर

उकळत्या तेलाचा थेंब हातावर उडतो, शस्त्रक्रियेचे टाके निघतात, खेळताना मुलाचा गुडघा फुटतो. जखम भरते, मागे व्रण उरतो. तो चारचौघांत दिसेल या चिंतेने घरोघरी लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांचे प्रयोग सुरू होतात. त्यांत हिताहून अहितच अधिक. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळते आणि डाग अधिकच गडद होतो.

व्रण म्हणजे शरीराने घाईने केलेली डागडुजी. तेथे साठलेल्या कोलॅजन या प्रथिनाची फेररचना वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. म्हणूनच सुरुवातीचा कठीण व्रण बहुधा हळूहळू मऊ व फिका होतो. घरच्या उपचारांनी या क्रियेला केवळ साहाय्य करावयाचे असते.

निगेचा आरंभ जखमेपासूनच होतो. भाजलेला भाग त्वरित २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये. किरकोळ जखम स्वच्छ ठेवून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा व पट्टी बांधावी. खपली नखाने काढू नये. जखम पूर्ण मिटल्यानंतर साधे मलम घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा बोटांनी हलक्या दाबाने चोळावे. उन्हात जाताना व्रण झाकावा किंवा ३० अथवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. व्रण उंचावलेला असल्यास सिलिकॉनची पट्टी रोज १२ तास वा अधिक, निदान दोन-तीन महिने वापरावी. ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. काहींना त्याने खाज व पुरळ मात्र येते.

व्रण मूळ जखमेच्या सीमेबाहेर पसरू लागला, तर तो केलॉइड असू शकतो. छाती, खांदा व कानाची पाळी येथे तो विशेष आढळतो. तसेच भाजल्याचा व्रण सांध्यावर असल्यास त्वचा आकसून बोट वा कोपर वाकडे राहू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न दवडता तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे.

व्रण क्वचितच पूर्ण नाहीसा होतो; तो अस्पष्ट होतो. ‘आता हिचे लग्न कसे जमणार?’ असे मुलीदेखत बोलले गेले, तर मनावर उमटणाऱ्या व्रणाला कोणतेही मलम पुरत नाही. म्हणून घरच्यांनी हाताला मलम लावावे आणि जिभेला आवर घालावा.