कॅमेरा तरंगतो का?

सध्या आमच्या विंगमध्ये एकच वाद पेटलाय. कयाकिंगला न्यायला वॉटरप्रूफ कॅमेरा कुठला घ्यायचा? चौघांनी वर्गणी काढायचं ठरवलंय आणि भांडण चाललंय मीटरवरून. याचा १० मीटर, त्याचा १५ मीटर! म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या डिसेंबरात रूममेटच्या गावी, आजऱ्याला गेलो होतो. बंधाऱ्याला बरगे घातले की हिरण्यकेशीचं पाणी मागे तुंबून अगदी तळ्यासारखं होतं. तिथे आम्ही हवा भरायची कयाक सोडली. मी वल्हं मांडीवर ठेवून फोटोसाठी फोन काढला, कयाक जराशी कलली, मी तोल सावरायला गेलो आणि फोन गुडुप! फोन आयपी ६८ होता बरं का. तळाला काही वेळ ठणठणीतही राहिला असेल. पण त्या गाळात शोधणार कोण? काठावरून रूममेटचे बाबा ओरडले, "फोन जाऊ दे रे, आधी वल्हं धर!" तेही निघालंच होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कयाकवर आपण पाण्यावर असतो, पाण्याखाली नाही. १५ मीटर हा आकडा बुडी मारणाऱ्याच्या कामाचा. २०१९चा ऑलिंपस टीजी-६ तेवढी खोली सोसतो, पण हातातून सुटला की दगडासारखा खाली. गोप्रो २०१६च्या हीरो ५पासून बहुतेक मॉडेलांत वेगळ्या केसशिवाय १० मीटर चालतो, बुडतो तोही. शिवाय आयपीची चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला की संपलं. म्हणून सेकंडहँड नकोच, आतलं रबर किती जुनं ते कळत नाही.

माझं मत गोप्रोला, कारण तो छातीच्या पट्ट्यावर बसतो आणि दोन्ही हात वल्ह्याला मोकळे राहतात. लांबचा खंड्या त्यात ठिपक्याएवढा दिसेल, हे कबूल. पण बटण खरंखुरं हवं; ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. वर फोमचा तरंगता पट्टा.

आणि हो, वर्गणीत लाइफ जॅकेटं धरली आहेत का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आधी चार जॅकेटं घ्या, उरलेल्या पैशात कॅमेरा. तो आला की पट्ट्यासकट होस्टेलच्या बादलीत सोडून बघा. तळाला गेला तर आणखी मोठा फोम लावा.