उंबऱ्यावरचा सोबती गेल्यानंतर

घरातील माणूस गेले की काय करावयाचे, हे आपल्या घराण्यांना ठाऊक असते. कोणाला कळवावयाचे, दुकान किती दिवस बंद ठेवावयाचे, बैठकीला कोणी बसावयाचे, मंदिरात केव्हा जावयाचे, सारे ठरलेले असते. त्या ठरलेपणात दुःखाला बसावयास जागा मिळते. परंतु बारा-तेरा वर्षे उंबऱ्यावर राखण करणारा कुत्रा गेला, तर घर गोंधळून जाते. रडावे तर लोक हसतील, न रडावे तर घास घशाखाली उतरत नाही. सकाळी दुकान उघडावेच लागते, गिऱ्हाईक भाव विचारते, आणि पायरीवरची रिकामी जागा तेवढी डोळ्यांना दिसत राहते.

या विषयावर वाचकांची काही पत्रे आली आहेत. धान्याची आडत असलेल्या कुटुंबातील एका भगिनी लिहितात : "घरातील वडीलधारे म्हणतात, एका जनावरासाठी एवढे रडणे हा मोहच आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा मात्र दोन दिवस धड जेवलेला नाही. त्याला काय सांगू?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर वरवर देऊन भागणार नाही.

प्रथम 'एका जनावरासाठी' या शब्दांविषयी. आपल्या तत्त्वज्ञानात कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे. म्हणजे त्याला पाच इंद्रिये आहेतच, शिवाय मनही आहे. भय, स्नेह, आठवण, वाट पाहणे हे त्याला कळते. इतकेच नव्हे, संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचाला सम्यक्त्व होऊ शकते, तो अणुव्रतेही धारण करू शकतो, असे शास्त्र सांगते. भगवान महावीरांच्या जीवाला पूर्वी सिंहाच्या भवात मुनींचा उपदेश मिळाला आणि तेथून त्याच्या उन्नतीची वाट सुरू झाली, ही दिगंबर पुराणांतील कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या धर्मात सिंह व्रती होतो, त्या धर्माच्या घरात कुत्र्यासाठी डोळे ओले झाले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तरीही वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. प्रिय वस्तूचा किंवा प्रिय जीवाचा वियोग झाल्यावर त्याच एका विचारात चित्त गुंतून राहणे, याला आचार्यांनी इष्टवियोगज आर्तध्यान म्हटले आहे आणि ते तिर्यंचगतीच्या बंधाचे कारण सांगितले आहे. मग दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा? दुःख उत्पन्न होणे वेगळे आणि दुःखाचे पोषण करणे वेगळे. पहिले आपल्या हातात नाही. स्नेहाच्या मागोमाग ते येतेच. दुसरे मात्र आपल्या हातात आहे. आलेल्या अश्रूंना दटावू नये आणि ओसरू लागलेल्यांना परत बोलावू नये. अनित्य, अशरण, एकत्व, अन्यत्व या भावना एरवी आपण पाठ म्हणून म्हणतो. त्यांचा खरा अर्थ समजण्याची वेळ हीच असते. मात्र रडणाऱ्या मुलासमोर त्या उपदेश म्हणून फेकू नयेत. आधी त्याला जवळ घ्यावे.

मरणासन्न कुत्र्याजवळ बसावे कसे, हे शिकविणारी एक सुंदर कथा आपल्याकडे आहे. वादीभसिंहसूरींच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरकुमाराचे चरित्र येते. तमिळमध्ये तिरुत्तक्कदेवरांनी याच कुमारावर जीवकचिंतामणी हे महाकाव्य रचले. हविष्यान्नाला तोंड लावले म्हणून संतप्त लोकांनी एका कुत्र्याला मरेपर्यंत मारले होते. वाचविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले, तेव्हा कुमाराने त्याच्या कानी पंचनमस्कार मंत्र सांगितला. तो जीव शांतपणे देह सोडून सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि पुढे कुमारावर प्राणसंकट आले असता त्याने धावून येऊन त्याला सोडविले. राजकुमाराने त्या कुत्र्याची जात पाहिली नाही, मालक कोण हे विचारले नाही. अखेरच्या क्षणी त्याच्यापाशी बसला. आपल्या सोबत्यासाठी आपणही इतके करू शकतो. दिवा मंद ठेवावा, गडबड करू नये, ओळखीचा हात त्याच्या पाठीवर असावा आणि नवकार हळू आवाजात चालू असावा.

अलीकडे एक कठीण प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. असाध्य दुखण्यात पशुवैद्य सांगतात, "इंजेक्शन देऊन याला सोडवू या." ते करुणेपोटीच बोलतात. आपली परंपरा मात्र आयुष्य पुरे होईपर्यंत सेवा करण्याची आहे. पांजरापोळींत थकलेली जनावरे याच भावनेने अखेरपर्यंत सांभाळली जातात. म्हणून पशुवैद्यांशी आधी वेदना कमी करणाऱ्या औषधांविषयी बोलावे. मऊ अंथरूण, कूस बदलणे, जखमा स्वच्छ ठेवणे, चमच्याने गाळलेले पाणी पाजणे या सेवेला माणूस लागतो, वेळ लागतो, तो द्यावा. ज्या कुटुंबाने असह्य वेदना पाहून वेगळा निर्णय घेतला असेल, त्याला मात्र आपण बोल लावू नये. त्यांचे मन आधीच त्यांना टोचत असते.

देहाची व्यवस्था करतानाही विवेक हवा. स्वतःचे शेत किंवा मोकळी जागा असेल, तर विहिरीपासून व पाण्याच्या प्रवाहापासून दूर, चार-पाच फूट खोल खड्ड्यात दफन करावे. दहन करावयाचे तर दिवसा करावे. रात्रीच्या अग्नीत असंख्य पतंग-किडे होरपळतात. लाकडे किडलेली नाहीत, हे पाहून घ्यावे. काही शहरांत आता वेगळी सोय आहे. मुंबई महापालिकेने मालाड येथे लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी २०२३ साली सुरू केली. देह कचराकुंडीत किंवा नदीत मात्र कदापि टाकू नये. सुतकाविषयी आपापल्या परंपरेतील जाणत्यांना विचारावे.

पुढे प्रश्न येतो स्मृतीचा. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यातील एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा दुसरा बूतुग यांच्या काळातील ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला राजाने बक्षीस मागावयास सांगितले. त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना तो कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ ही शिळा उभारून जमीन दान दिली गेली. श्रवणबेळगोळला गोम्मटेश्वरांची मूर्ती घडविणारा चामुंडराय ज्या गंग घराण्याचा मंत्री होता, त्याच घराण्याच्या राज्यातील ही गोष्ट. शिकार आपल्याला रुचणारी नाही, आणि शिळेची पूजा आपल्या दृष्टीने लोकमूढतेत मोडते. परंतु मुक्या जिवाची सेवा कोरून ठेवावीशी वाटणे, यामागची कृतज्ञता आपलीच आहे. अंगणात एखादे झाड लावावे, भिंतीवर छायाचित्र असू द्यावे. देव्हाऱ्यात मात्र ते नेऊ नये.

आपल्या व्यापारी पूर्वजांनी तर याहून मोठे स्मारक उभे केले आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालविली होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना इनाम मिळे. ६ जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले, दुकाने बंद झाली, किल्ल्यातील व्यवहार थंडावले. दंगल पांगली, पण मन अस्वस्थ झालेल्या व्यापाऱ्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. जमशेटजी जीजीभॉय आणि जैन श्रेष्ठी यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. शोक आणि संताप दोन-चार दिवसांत विरून गेले असते. त्यांनी त्यांचे दानात रूपांतर केले, म्हणून आजही तेथे मुकी जनावरे आसरा घेत आहेत.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलाविषयी. त्याला 'तो झोपला', 'तो गावी गेला' असे सांगू नये. मुलांना खोटे कळते आणि पुढे तुमच्या खऱ्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. 'त्याचे आयुष्य पूर्ण झाले, त्याचा जीव पुढच्या भवाकडे गेला, आणि तू त्याला दिलेला स्नेह वाया गेला नाही,' असे सरळ सांगावे. कुत्र्याचे अंथरूण आणि भांडे त्याच्याच हाताने पांजरापोळीत द्यावे. दुःखाला हाताशी काही काम लागते.

त्याची समजूत काढावी म्हणून दुसऱ्याच दिवशी उंची जातीचे पिल्लू विकत आणण्याची घाईही करू नये. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे सजीवांचा व्यापार, सांगितला आहे. विकण्यासाठी पिल्ले निपजविणाऱ्याला पैसे देणे म्हणजे त्याच व्यापाराला भांडवल पुरविणे होय. काही महिन्यांनी घराची तयारी झाली, तर रस्त्यावरचे एखादे अनाथ पिल्लू आणावे. त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, नसबंदी करावी आणि आयुष्यभराची जबाबदारी म्हणून ते स्वीकारावे.

आणि ज्यांना दुसरे पिल्लू आणण्याचे मन होत नाही, त्यांच्यासाठी दुकानाची पायरी आहेच. उन्हाळ्यात तेथे गाळलेल्या पाण्याचे भांडे ठेवावे, सूर्यास्तापूर्वी एक पोळी बाजूला काढावी, नोकराने काठी उगारली तर त्याला शांतपणे थांबवावे. आपल्या कुत्र्यावर प्रेम करणे सोपे असते. त्याचे नाव आपण ठेवलेले असते. त्याच्यासाठी गाळलेल्या अश्रूंची खरी किंमत कळते, ती बिननावाचा, खरजेने त्रासलेला एखादा कुत्रा त्याच पायरीवर येऊन बसतो तेव्हा. त्याला हाकलले नाही, तर गेलेल्याचे स्मरण झाले.

जय जिनेंद्र.