स्क्रीनशॉट आहे, पण फोन कुठाय?

पनवेल : "व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टीला कोर्टात काय किंमत?" असं गावागावात बोललं जातं. याचं उत्तर पनवेलच्याच सत्र न्यायालयात मिळालं आहे. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता होत्या. मृतदेह कधीच सापडला नाही. उलट नंतरही त्यांच्या फोनवरून नातेवाईकांना मेसेज गेले, म्हणजे बाई जिवंत आहेत असं वाटावं. पण मोबाईलचं लोकेशन, कॉलचा तपशील, चॅट अशी परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी जुळली. एप्रिल २०२५ मध्ये पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला जन्मठेप झाली.

मग कुठलाही स्क्रीनशॉट चालतो का? नाही. इथंच लोक फसतात. जमिनीचा विसार दिला, समोरच्याने "पैसे पोचले" असं लिहिलं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला आणि जुना फोन विकून टाकला. उद्या समोरचा म्हणणार, हे बनवलेलं आहे. आणि बनवायला आता पोराटोरांनाही येतं.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे (जुन्या कायद्यात ६५-ब) अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. तो फाईलचा अंगठाच समजा. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी जुळत नाही.

प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये, जुना कायदा असतानाच, पक्कं केलं. प्रकरण आपल्याच राज्यातलं, जालन्याचं : अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद, आणि पुरावा निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. त्याच निकालात सामान्य माणसाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. मालकाने मूळ फोनच कोर्टात हजर करून साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि ज्याच्याकडून प्रमाणपत्र हवं तो देत नसेल, तर कोर्टाकडून तसा आदेश मागता येतो.

तेव्हा व्यवहाराचं बोलणं ज्या फोनवर झालं तो बिघडला तरी भंगारात देऊ नये, चॅट डिलीट करू नये. तक्रारही लवकर करावी. मोबाईल कंपन्यांवर कॉलचा तपशील किमान २ वर्षेच ठेवण्याचं बंधन आहे.