फिल्टर पाठ, नेट गायब!

ऑक्टोबर २०२०. लास्ट इयरची परीक्षा ऑनलाइन, पहिला पेपर परवावर आलेला. घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी मदार लँडलाइनच्या ब्रॉडबँडवर. शांतता हवी म्हणून मी राउटर हॉलमधून उचलला आणि आतल्या खोलीतल्या फोनच्या सॉकेटला जोडला. झालं! डीएसएलचा दिवा नुसताच लुकलुकतोय, नेट गायब. गंमत म्हणजे त्याच सॉकेटवर फोन मात्र झकास चालत होता.

कंपनीचं उत्तर ठरलेलं, 'लाइन ओके आहे मॅडम.' शेवटी बाबांनी ओळखीच्या लाइनमनकाकांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, त्या खोलीत तार येते कुठून?"

तार धरून मागे गेले, तर ती टीव्हीमागच्या छोट्या डबीतून निघालेली. ही डबी म्हणजे स्प्लिटर. एकाच तारेवर बोलणं चार किलोहर्ट्झच्या खाली आणि इंटरनेट त्याच्या बरंच वर चालतं. स्प्लिटर फोनच्या बाजूला फक्त बोलणं सोडतो. आतलं सॉकेट त्याच बाजूचं, मग नेट तिथवर पोचणार कसं? राउटर पुन्हा स्प्लिटरच्या मोडेमच्या तोंडाला लावला आणि खोलीत लांब लॅन केबल ओढली. पेपर सुटला.

पण लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी इलेक्ट्रॉनिक्सची! लो पास फिल्टरची आकृती डोळे मिटून काढायचे, मार्कही मिळवलेत. तोच फिल्टर घरात भिंतीला लटकत होता आणि मला तो ओळखता आला नाही. येणार तरी कसा? प्रॅक्टिकलला जोडलेलं किट तयार, रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून. घरी 'हात लावू नकोस, बिघडेल', त्यातही मुलगी असली की जरा जास्तच.

आता फायबर आलंय, हे कशाला शिकायचं, असं म्हणाल. फायबरमध्ये तर फोनसुद्धा त्या नव्या डब्यालाच जोडावा लागतो, भिंतीतलं जुनं सॉकेट आपोआप चालू होत नाही. तंत्र बदललं तरी काकांचा प्रश्न तोच राहतो. तेव्हा या रविवारी घरातली एक तरी तार धरा आणि ती येते कुठून ते बघा. विजेच्या तारांना हात न लावता, अर्थात!